फडताळाची बखर

मृग लागण्यापूर्वी फडताळ उपसावयाचे, फळ्यांवरचे कागद बदलावयाचे, डबे उन्हात टाकावयाचे आणि जे निरुपयोगी ठरेल ते घराबाहेर काढावयाचे, ही चाल जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांतील पुष्कळ घरांतून अद्याप मोडलेली नाही. काम वरवर पाहता क्षुल्लक. परंतु ते करावयास बसलेल्या माणसाची एका अवघड प्रश्नाशी गाठ पडते. झाकण नसलेले चार डबे, डबा नसलेली सहा झाकणे, कित्येक वर्षांत कल्हईचे तोंड न पाहिलेली पितळेची तपेली, दांडा तुटलेली पळी, आणि कोणी कोठून आणली हे आता कोणासच सांगता येत नाही अशी एक चिनी मातीची बरणी. ह्यांतील आवश्यक ते कोणते? सासूबाई म्हणतात, "असू द्या, लागेल." सूनबाई विचारतात, "कधी लागणार?" दोघींचेही म्हणणे खरे असते, आणि वाद मिटण्यापूर्वीच सर्व वस्तू पुन्हा आत जाऊन बसतात.

आमच्या मते सासूबाईंच्या त्या तीन शब्दांमागे ह्या प्रांताचा मोठा इतिहास उभा आहे. आपल्या इकडे इतिहास लिहिणारांनी गड, स्वाऱ्या, तह आणि वतने ह्यांविषयी पुष्कळ लिहिले. धान्य कोठे ठेवीत, तूप कशात ठेवीत, उंदरांपासून काय वाचे आणि काय वाचत नसे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. वास्तविक गडाचा वेढा उठावयाचा की गड पडावयाचा, हे पुष्कळदा बुरुजावर न ठरता कोठीत ठरे.

ह्या शोधास आरंभ करावयास जुन्नरसारखे सोयीचे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा ह्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक खोदकामे आहेत, आणि त्यांतील शिलालेखांत राजांपेक्षा बाजारातील माणसे अधिक भेटतात. सात खोल्यांचे एक लेणे व पाण्याचे टाके धान्याचा व्यापार करणारांच्या श्रेणीने दिलेले आहे. दुसऱ्या एका लेखात धर्मार्थ ठेवलेल्या ठेवींचा हिशेब आहे: वेळूचे काम करणारांच्या श्रेणीकडे दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडे दरमहा पाव. ह्या रकमा कार्षापणांच्या असाव्यात असे पंडित मानतात. तिसऱ्या ठिकाणी चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. हे लेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले. धान्य विकणारा, टोपली विणणारा आणि भांडे घडविणारा असे तिघेही त्या काळी जुन्नरास संघटित होते, त्यांची पत इतकी होती की लोक त्यांच्यापाशी धर्माचा पैसा ठेवीत, आणि जेवणाची जागा बांधून देणारा परदेशी पाहुणाही होता. साठवणीच्या व्यवस्थेस आणखी काय लागते? पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असे तिकडचे लोक सांगतात. इतकी शतके तो रिकामा उभा आहे, परंतु तो काढून टाका असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

मध्यंतरीच्या शतकांकडे न वळता एकदम गडावर जाऊ. शिवनेरीवर अंबरखान्याचे, म्हणजे धान्याच्या कोठाराचे, अवशेष आहेत, आणि पाण्यासाठी गंगा-जमुनादी टाकी आहेत. शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० साली ह्या गडावर झाला. गड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. परंतु साठवणीचा विचार त्यांच्याइतक्या बारकाईने करणारा राज्यकर्ता विरळाच. १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांस त्यांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी म्हणून जो दाणा आणि जे गवत साठविले आहे ते आताच मनास येईल तसे वापराल, तर ऐन पावसात काही उरणार नाही. मग घोडी मरतील, आणि शिपाई रयतेच्या घरात शिरून धान्य, भाजी, लाकूडफाटा उचलू लागतील, असा त्याचा आशय आहे. पुढे तर महाराज उंदरापर्यंत येतात. रात्री दिवा जळत ठेवून निजाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल आणि सगळी पागा बुडेल, अशी ताकीद आहे. छत्रपतींनी राज्यकारभारात उंदराची दखल घ्यावी ह्याचे कोणास हसू येईल. ज्या गृहिणीचे वर्षाचे तांदूळ उंदरांनी नासले असतील तिला येणार नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हाच विचार पुढे नेला आहे. गडावरील धान्यघरे अग्नी, उंदीर, किडा, मुंगी व वाळवी ह्यांचा उपद्रव पोहोचणार नाही अशी, तळास दगड व गच्ची करून बांधावी, असे ते सांगतात. गडावरचा केर कोठेही टाकू न देता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, हीही त्यांची सूचना आहे. मराठी राज्याचे जे अठरा कारखाने सांगतात, त्यांत अंबरखाना, मुदपाकखाना, आबदारखाना, शरबतखाना ही नावे येतात. धान्य एकीकडे, शिजविणे दुसरीकडे, पाणी तिसरीकडे आणि प्रत्येकाचा जाब देणारा माणूस वेगळा. हे राज्यच एक मोठे फडताळ होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार होणार नाही.

आता घराकडे येऊ. मीना, कुकडी आणि घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांस मिन्नेर, कुकडनेर, घोडनेर अशी जुनी नावे आहेत. ह्या खोऱ्यांचे पश्चिम टोक सह्याद्रीस टेकलेले, तेथे पाऊस मुसळधार. पूर्वेकडे काही कोसांतच तो इतका उतरतो की भाताची खाचरे संपून बाजरी-ज्वारीची शेते लागतात. साठवणीच्या तऱ्हाही त्याप्रमाणे पालटतात. पूर्वेकडच्या कोरड्या जमिनीत पेव खणून ज्वारी पुरून ठेवणे शक्य होते. पश्चिमेकडे जमिनीत पुरलेला दाणा पहिल्याच पावसात कुजावयाचा. म्हणून तिकडे वेळूच्या कामट्यांची कणगी विणून, शेणामातीने लिंपून, खाली दगड देऊन जमिनीपासून उचललेली. भात साळीच्याच रूपात ठेवावयाचे, लागेल तसे कांडावयाचे. कारण तूस हेच दाण्याचे चिलखत. बियाणे चुलीच्या वर टांगलेले, म्हणजे धुराने त्यास कीड लागत नाही. कडधान्यास राख चोळलेली, डाळीस एरंडेलाचा हात, धान्यात कडुनिंबाचा पाला. लोणी, दूध शिंक्यावर, कारण मांजरास उडी मारता येते, पण अधांतरी उभे राहता येत नाही. कोनाड्यात दिवा आणि काडेपेटी. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड: सर्वांत मोठे तळाशी, सर्वांत लहान वर, आणि लहानात जे असेल ते रोजचे. वाड्यांतून भिंतीच्या पोटात बळद सोडलेले असे, त्यात वर्षाचे धान्य.

फडताळ हेही भिंतीच्याच पोटातले. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत पोकळी सोडावयाची, तीत दोन-तीन फळ्या बसवावयाच्या आणि पुढे दोन लहान दारे. जाड भिंतीमुळे आत थंडावा राहतो. म्हणून तूप, गूळ, मसाला, लोणचे ह्यांची जागा तेथे. आंबट पदार्थ तांब्यापितळेत कळकतो, म्हणून लोणच्यास चकचकीत लुकणाची बरणी. तिचे जुने नाव मर्तबान. ते ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून आले, कारण तसल्या बरण्या तेथून जहाजांत भरून येत. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या अंधाऱ्या फडताळात कैरीचे लोणचे मुरते आहे ते ब्रह्मदेशाचे नाव घेतलेल्या भांड्यात, हे लक्षात आले म्हणजे खेडे स्वयंपूर्ण होते ह्या सिद्धान्ताविषयी थोडा संशय उत्पन्न होतो.

ह्या सर्व मांडणीत प्रत्येक वस्तूस एकच जागा होती, आणि त्या जागेस कारण होते: उष्णता, ओल, कीड, उंदीर, मांजर. सौंदर्यदृष्टीने कोणी काही मांडीत नसे. शिवाय फडताळ आवरण्याचा प्रश्न तेव्हा आजच्या रूपात नव्हताच. माघ-फाल्गुनात भरलेले ते आषाढ-श्रावणात अर्धे होई, आणि डोंगराकडच्या महादेव कोळी वस्त्यांत तर भाद्रपद येता येता नाचणी-वरईची तळे दिसू लागत. हिरडा गोळा करून विकावा आणि त्या पैशावर दाणा आणावा, अशी कित्येकांची रीत. फडताळ आपोआप रिते होई. ते कसे भरावयाचे हीच काळजी.

परंतु ह्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली जाते. तिची किल्ली कोणाच्या कमरेस असे? एकत्र कुटुंबात कोठीची किल्ली म्हणजे घरातील सत्ता, आणि ती सासूच्या हाती. सुनेस किती तेल, किती गूळ काढून द्यावयाचा हे तिने ठरवावयाचे. दळण, कांडण, निवडणे, वाळविणे ह्यांचा भार पुष्कळ घरांतून एखाद्या विधवा आतेवर किंवा नणंदेवर पडे, आणि तिने स्वतःच्या हातांनी भरलेल्या बरणीतले तिच्या वाट्यास काय येई, हे न विचारलेले बरे. ब्राह्मणी घरांत सोवळ्याच्या फळीस स्नान न केलेल्या मुलाचा हात लागला तर केवढा गहजब होई! आणि फडताळाबाहेर, पडवीच्या वळचणीस किंवा खुंटीवर, एक भांडे निराळे ठेवलेले असे. ते घरच्या कोणाचे नव्हे, अस्पृश्य मानलेल्या माणसास पाणी द्यावयाचे. 'प्रत्येक वस्तूस तिची जागा' ह्या नियमात माणसांच्याही जागा ठरविलेल्या होत्या. त्या भांड्याची उचलबांगडी झाली हे चांगलेच झाले. कोठे झाली नसेल तर व्हावी.

आवश्यक काय, हा आरंभीचा प्रश्न घरातील बायकांनीच सोडविला असेही नाही. तो एकदा न्यायालयासही सोडवावा लागला. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, गहाणखते व कर्जरोखे जाळले. आरंभ झाला सुप्याच्या बाजारात. पण कर्जाचा जाच सगळ्याच देशावर होता. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला, आणि जुन्नर-आंबेगावचा मुलूख अर्थातच त्यात आला. पुढे १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या साठाव्या कलमात जप्तीतून काय वगळावे ह्याची यादी आहे. तीत ऋणको, त्याची बायको व मुले ह्यांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे जे बाईच्या अंगावरून उतरवीत नाहीत ते दागिने, शेतीची अवजारे, जनावरे आणि बियाण्याचे धान्य ही येतात. कायद्याच्या रूक्ष भाषेत लिहिलेली ही यादी आम्हांस फार बोलकी वाटते. सर्वस्व गेले तरी माणसाच्या घरात काय राहिलेच पाहिजे, ह्याचे उत्तर देताना राज्यकर्ते शेवटी चुलीपाशी आणि कणगीपाशी आले. ज्या घरी बेलिफ येऊन गेला असेल, त्या घरातील आजीने पुढे साठ वर्षे एकही पातेले घराबाहेर जाऊ दिले नाही, तर तिला हावरी म्हणण्यापूर्वी थांबावे.

मग डबा आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव पोहोचले. तेल जळून गेले, डबा राहिला. त्याचे तोंड कापून, झाकण व कडी लावून देणारे कारागीर बाजारात बसू लागले, आणि मडक्याची उतरंड हळूहळू मोडली. १९०८ साली ह्याच जिल्ह्यात तळेगावास पैसाफंडाचा काचेचा कारखाना निघाला, १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा. काच देशी झाली. १९३७ पासून वनस्पती तुपाचा ताडाचे चित्र असलेला पिवळा डबा आला. ते तूप अनेकांनी नावे ठेवीत ठेवीत खाल्ले, पण डबा कोणी टाकला नाही. पुढे स्टेनलेस आले, आणि बोहारीण दारात येऊन जुनी लुगडी घेऊन त्यांबदली नवी भांडी देऊ लागली. म्हणजे कपड्यांचे कपाट आवरले की स्वयंपाकाचे फडताळ आपोआप भरावयाचे, अशी ही गमतीची सांगड होती. सरतेशेवटी प्लास्टिक आले, आणि आता मिठाईबरोबर, श्रीखंडाबरोबर, हॉटेलातील भाजीबरोबर डबा घरी येतो, तोही मागितल्यावाचून.

येथे काय पालटले ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी वस्तू पुष्कळ आणि भांडी मोजकी. आता वाणी कोपऱ्यावर, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोंच्या गाड्याच्या गाड्या, घरात शीतकपाट, आणि फडताळात मात्र रिकामे डबे. पूर्वी आपण अन्न साठवीत होतो, आता अन्नाची घरे साठवितो. तरी रिकामा डबा पाहून हात आखडतो, तो उगाच नव्हे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि कामावर वाटलेली सुकडी डब्यात जपून घरी आणली, त्यांस रिकामा डबा म्हणजे अडचण वाटत नाही. उद्या काही मिळाले तर ते कशात घ्यावे, ह्याची ती सोय वाटते.

आणि डब्याची शिस्त पाहावयाची तर ती ह्याच मातीतील माणसांनी मुंबईस दाखविली. १८९० पासून सुरू झालेल्या मुंबईच्या डबेवाल्यांच्या धंद्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले ह्या भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अल्पशिक्षित माणसांनी रंग, अंक व खुणा ह्यांच्या साह्याने हजारो सारख्या दिसणाऱ्या डब्यांतून प्रत्येक डबा नेमक्या मेजावर पोहोचवावा आणि दुपारी तो रिकामा पुन्हा ज्या घरचा त्याच घरी आणावा, ह्याचे जगभर कौतुक झाले. २०२० च्या महामारीत कचेऱ्या बंद पडल्या तेव्हा ह्या धंद्यास मोठा धक्का बसला, आणि कित्येक जण गावी परतले. ह्या शिस्तीतले मर्म वाहतुकीत नसून परतीत आहे, असे आम्हांस वाटते. डबेवाल्याचा डबा रोज रिकामा होतो आणि रोज आपल्या जागी येतो. आपल्या फडताळातील डबा एकदा मागच्या रांगेत गेला की पुन्हा हाती लागत नाही. तो रोज वापरणारा कोणी नाही, इतकेच.

फडताळ आवरावे की नाही? अवश्य आवरावे. फुटक्या झाकणांविषयी आम्हांस प्रेम नाही, आणि ज्या डब्यातील पिठास जाळी लागली आहे तो इतिहासाच्या नावाखाली ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु तांब्यापितळेचे भांडे मोडीत घालण्यापूर्वी ते उलटे करून, काठ पुसून पाहावे. आपल्या इकडे भांड्यावर नाव कोरून घेण्याची रीत होती. कोणी कोणास दिले, लग्नात की बारशास, कोणाच्या स्मरणार्थ, कोणत्या साली, हे सगळे बाजारातल्या कारागिराने टाचणीएवढ्या ठिपक्यांनी ठोकलेले असते. जुन्नरच्या लेण्यांतही ह्याहून वेगळे काय आहे? अमक्या गावच्या अमक्याने हे दिले. लेण्यातल्या लेखाचे ठसे पंडितांनी घेतले. तपेलीवरचा लेख वजनावर विकला जातो. पुष्कळ स्त्रियांचे माहेरचे नाव लग्नानंतर जर कोठे लिहिलेले राहिले असेल, तर ते एखाद्या पातेल्याच्या काठावर.

आंबेगाव तालुक्यास तर ह्या गोष्टीची विशेष आठवण ठेवावयास हवी. ज्या गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, ते आंबेगाव आज घोडनदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे, आणि जलाशयास ह्याच तालुक्याचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव आहे. गाव उठले तेव्हा माणसांबरोबर काय गेले असेल ते कोणासही सांगता येईल: भांडी गेली, डबे गेले, जाते उचलता आले तर तेही गेले. भिंतीच्या पोटातले बळद, कोनाडे आणि फडताळ ही नेता येण्यासारखी नव्हती. ती भिंतीबरोबर राहिली. नव्या जागी, विटांच्या अरुंद भिंतींत, ती पुन्हा करताही आली नाहीत. तेथे लोखंडी मांडणी आली.

तेव्हा तिकडच्या एखाद्या घरी मृगाच्या आधी माळ्यावरचे मोठे पातेले खाली निघेल, आणि आता एवढा स्वयंपाक कोण करतो, द्या मोडीत, असे कोणी म्हणेल. ते अवश्य द्यावे. पण देण्यापूर्वी चिंचेने काठ घासून पाहावा; तेथे गावाचे नाव निघाले, तर ते कोठेतरी उतरून ठेवावे.